लग्न होईपर्यंतचं घर

अंजिरांची अर्धीच टोपली धुऊन झाली होती. धुतलेली पातेल्यात साखरेत मुरत पडली होती, उरलेल्यांवर मुंग्या जमू लागल्या होत्या, तेवढ्यात मागच्या आवारातून हातोड्याचे ठोके ऐकू आले. एप्रनला हात पुसत ओडील बाहेर आली. एक अनोळखी माणूस तिच्या अंजिराच्या झाडापासून पार मागच्या बायूच्या, त्या संथ दलदली ओढ्याच्या, पाण्यापर्यंत खुंट्या ठोकत चालला होता. झाडाला नारिंगी फीत बांधलेली. आणि सावलीत हाताची घडी घालून डाल्टन उभा, तिचा सावत्र मुलगा.

“हे काय चाललंय रे?”

“काही नाही आई, मोजणी. आपली माहिती असावी म्हणून.”

मोजणीवाला बिचारा सरळ माणूस. टोपी काढून म्हणाला, “अभिनंदन हं ताई! लग्न चौदाला ना? मग इथून पाण्यापर्यंतच्या रस्त्याचं काम आम्ही त्यानंतरच धरतो. तोवर तुमच्या झाडाला धक्का नाही.”

डाल्टनने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुढचं बोलणं गिळून खुंट्यांकडे वळला.

अल्सीदशी लग्न करून ओडील या घरात आली तेव्हा डाल्टन नऊ वर्षांचा होता. तिने त्याचे दात पडताना पाहिले, गोवर काढला, पण तो तिला कायम ‘मिस ओडील’च म्हणत आला. या वसंतात मात्र ‘आई’ म्हणू लागला. न सांगता येऊन गवत कापून जायचा, केक आणायचा. पुलापलीकडच्या विधुर गिल्बेरने तिला लग्नाचं विचारलं, तर सगळ्यात जास्त आनंद यालाच. “बाबांनाही बरंच वाटेल. किती दिवस एकट्या राहणार?” त्या दिवशी ओडीलने मरियामातेच्या मूर्तीपुढे मोठी मेणबत्ती लावली होती. उशिरा का होईना, पोराचं मन वळलं म्हणून.

“माझ्या लग्नाचा आणि तुझ्या रस्त्याचा काय संबंध?” तिने विचारलं.

“वकिलाने वाचून दाखवलं होतं की. तुम्ही समोरच बसला होता.”

बसली होती खरी. अल्सीदला पुरून आठवडाही झाला नव्हता, हातात रुमाल होता. मृत्युपत्र केलं की मरण घर शोधत येतं असं अल्सीदला वाटायचं, म्हणून त्याने केलंच नव्हतं. वकील म्हणाला, घरजमीन निम्मी तुमची, निम्मी डाल्टनच्या मालकीची, पण त्याच्या निम्म्याचाही वापर मरेपर्यंत तुमचाच. एवढं ऐकून तिला रडू फुटलं. वाक्य तिथे संपलं नव्हतं.

“मरेपर्यंत, किंवा पुन्हा लग्न करेपर्यंत,” डाल्टन म्हणाला. “आधी जे होईल ते. इथे लुइझियानात कायदाच तसा आहे, मिस ओडील. मी केलेला नाही.”

मिस ओडील. तिने ते बरोबर ऐकलं.

“मग माझं घर?”

“निम्मं तुमचं आहेच, कोण नाही म्हणतंय? पण घर काय करवतीने कापायचं? विकायचं, वाटून घ्यायचं.”

“इतकी वर्षं मालक होतास ना?”

“ती कसली मालकी! वकील लोक तिला नागडी मालकी म्हणतात. छप्पर तुमच्या डोक्यावर, फळं तुमच्या ओटीत, मला नुसतं नाव. किती दिवस नागडा उभा राहू?”

“दरवर्षी डबे भरून अंजिरं न्यायचास,” ओडील म्हणाली. “चार पानंही न्यायची होतीस. आदामाला पुरली, तुला पुरली असती.”

घरात जाऊन तिने बरण्या उकळत ठेवलेल्या पाण्याखालचा गॅस बंद केला आणि गाडी काढली. पुलावर तिचं मन जरा थाऱ्यावर आलं. घर गेलं तर जाऊ दे. बाई नवऱ्याच्या घरी जाते, त्यात नवीन काय?

गिल्बेर ओसरीवर खेकड्यांचा पिंजरा दुरुस्त करत होता. लहानपणी दोघं एकाच बाकावर धर्मशिक्षणाला बसायची, म्हणून आजही अरेतुरे. त्याने सगळं ऐकलं आणि चष्मा काढला.

“मग आपण राहायचं कुठे?”

“इथे. तुझ्याकडे.”

“अगं, माझंही तेच आहे. माझी थेरेज गेली, तिचं निम्मं मुलींच्या नावावर. मी बोहल्यावर चढलो की त्या दारात उभ्या.”

“तुला हे माहीत होतं?”

“माझ्यापुरतं होतं. म्हटलं, अल्सीदने तुझी काहीतरी सोय केली असेल.”

ओडील पायरीवर बसली. मग म्हणाली, “बरं. तुझं निम्मं, माझं निम्मं. विकून चर्चजवळ दोन खोल्या घेऊ. आपल्याला लागतं किती?”

गिल्बेर पिंजऱ्याची तार पिळू लागला. “माझं निम्मं मी ईस्टरला मुलींना देऊन टाकलं. म्हटलं मला आता कशाला, तुझं घर आहेच.”

ईस्टर. त्याच्या पुढच्याच रविवारी केसांना तेल चोपडून तो विचारायला आला होता. तिला जुळवायचं नव्हतं, पण दोन्ही दिवस आपोआप शेजारी येऊन बसले.

“ओडील, लग्नावाचून अडलंय का? असंच राहू. मी संध्याकाळी येत जाईन, सकाळी परत. कोण विचारतंय?”

तिने वर बोट दाखवलं. “तो विचारतो. रविवारी ख्रिस्तप्रसाद घेताना त्याला काय सांगू? गिल्बेरचा माझ्यावर जीव आहे, छपरावर जरा जास्त आहे, असं?”

“काय जीभ आहे तुझी!”

“तुझ्या शेजारी बसून धार लागली. तेव्हाही तू माझ्याच पाटीत बघायचास.”

ती परतली तेव्हा टोपलीतली अंजिरं मुंग्यांनी काळी झाली होती. ती तिने कोंबड्यांना टाकली. साखरेतली शिजवली, बरण्या भरल्या. एरवी एक बरणी डाल्टनची, एक गिल्बेरची बाजूला निघायची. आज सगळ्या तिच्याच फळीवर गेल्या.

खिडकीतून नारिंगी फीत दिसत होती. तिने ती सोडली नाही. ज्याने खुंट्या ठोकल्या त्यानेच येऊन उपटाव्यात. घर राहणार होतं, झाडही राहणार होतं. डाल्टन दोन गोष्टींची वाट पाहत होता. आता त्याच्यासाठी एकच उरली होती, आणि ती केक देऊन लवकर येणारी नव्हती.

तिने हात धुतले, क्रूसाची खूण केली, डोक्याला रुमाल बांधला. येत्या रविवारपासून वेदीवरून तिच्या आणि गिल्बेरच्या लग्नाची घोषणा व्हायची होती. ती वाचू नका, एवढं फादर रोशोनना सांगायला ती निघाली.