देव बैठकीत आले

दादाचा फोन आला तेव्हा मी सीपरी बाजारात भेंडी निवडत होतो. "गेली रे," एवढंच तो म्हणाला. अपेक्षित होतं, तरी हातातली भेंडी मी उगाच मोडत राहिलो... शेवटी भाजीवाली करवादली, "लेना नहीं है तो तोड़ो मत, भैया." पिशवी तिथेच टाकून मी इस्पितळाकडे निघालो. माझी वहिनी गेली त्याला आता महिना होऊन गेला. पायाच्या एका जखमेनं गेली, आणि ती जखम बरी होत आली होती, हे मला अजून पचत नाही.

आम्ही दोघे भाऊ साताऱ्याकडचे. नोकरीसाठी झाशीला आलो आणि इथलेच होऊन राहिलो. वहिनी मात्र मूळची इकडचीच, गुरसरायच्या जुन्या मराठी घरातली. आमच्या गावीही आता कुणी बोलत नाही असे शब्द तिच्या तोंडी असत, आणि पुढच्याच वाक्यात ती दूधवाल्याशी बुंदेलीत भांडत असे. "भाऊजी, तुमचं मराठी वर्तमानपत्रातलं, आमचं चुलीजवळचं," असं मला ऐकवायची. एरवी मोकळी बाई. मोबाइलवर सिनेमे पाहायची, माझ्या टकलावरून मला चारचौघांत छळायची. पण माहेराहून आणलेलं सोवळं तिनं सोडलं नाही. देव्हारा स्वयंपाकघरात, आणि तिथे पायात वहाण घालून जायचं हा विचारसुद्धा त्या घरात कुणाला शिवला नव्हता.

साखर तिला बरीच वर्षं होती. तळपायाची जाणीव कधी गेली ते तिचं तिलाही कळलं नाही. एके दिवशी दादाला फरशीवर लाल ठिपके दिसले, त्याला वाटलं कुंकू सांडलं. पाहतो तर अंगठ्याखाली बांगडीची काच रुतलेली, आणि बाईसाहेब कणीक मळतायत. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात; तिचं जळत होतं आणि तिलाच पत्ता नव्हता.

काच काढून इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी घरीच ड्रेसिंगची व्यवस्था लावून दिली. राजेश नावाचा तरुण यायचा, मधुमेहाच्या पायांचंच काम करणारा. जखम धुवायची, कडेची मेलेली कातडी ब्लेडनं काढायची, पट्टी बांधायची. सोबत एक विचित्र चप्पल आली होती, पुढून अधांतरी, सगळा भार टाचेवर घेणारी. "अम्मा, इसके बिना एक क़दम नहीं," असं तो दर वेळी बजावायचा. जखम भरू लागली. तळाशी लालसर मांस दिसलं, कडेनं नवी कातडी धरली. आम्ही जिलबी आणली, आणि वहिनीसमोर ती खाण्याचा नालायकपणाही केला... मग जखम थांबली. भरेना, वाढेना. राजेशनं पट्टीवरचा मळ पाहून ओळखलं.

"अम्मा, नंगे पाँव चल रही हो ना?"

"तो चौके में जूता पहनके जाऊँ क्या, भैया?" स्वयंपाकघराकडे बोट दाखवत वहिनीनं त्यालाच विचारलं.

तोडगाही त्यानंच काढला. अम्मा आत जायला नकोत, तर भगवानलाच बाहेर घ्या. आम्हाला ते फार पटलं. दादानं स्वतः देव्हारा उचलून बैठकीत, तिच्या पलंगाशेजारी मांडला. बसल्या जागी पूजा व्हायची, चालायचं कामच नाही. मी तर राजेशची पाठ थोपटली.

दोन-तीन दिवसांनी गेलो तर ती चप्पल बाहेर, ओट्यावर, माझ्या चपलेच्या ओळीत नीट ठेवलेली. आणि वहिनी बैठकीत अनवाणी, समई पुसत होती. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "देव इथे आले म्हणजे हेच देवघर झालं ना, भाऊजी?"

आगीतून फुफाट्यात. आधी निदान बैठकीत चप्पल पायात असायची, आता उशापासून दारापर्यंत ती अनवाणी झाली. देव परत आत नेतो म्हटलं तर म्हणाली, "देव काय भाडेकरू आहेत, आज या खोलीत, उद्या त्या?" कापडी चप्पल आणली, घरातच वापरायची, कोरी. "पायात घातली की वहाणच ती." दादा कानीकपाळी ओरडला, राजेशनं हात जोडले. ती हसून हो म्हणायची आणि आम्ही वळलो की उठायची. मला तिचा राग यायचा. अजून येतो. त्या देव्हाऱ्यातल्या मंडळींचा तर त्याहून जास्त येतो, कारण तिच्याशी बोलायची त्यांचीच काय ती पत होती आणि ते गप्प बसले.

पुढचं भराभर झालं. वास यायला लागला, अंगठा काळवंडला, ताप चढला. अंगठा काढला, मग अर्धं पाऊल. गुडघ्याखाली कापावं लागेल असं डॉक्टर म्हणाले त्या संध्याकाळी मी तिच्याजवळ होतो. "बरं झालं, चपलेचा प्रश्नच मिटला," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहून हसली. शस्त्रक्रिया झालीच नाही. विष रक्तात भिनलं होतं. शुद्ध हरपली ती परत आली नाही.

तेराव्यानंतर दादानं देव्हारा पुन्हा स्वयंपाकघरात नेला. पलंग घडी करून ठेवला, बैठक परत बैठक झाली. मी रोज संध्याकाळी जातो. आम्ही दोघं बसतो. पण दादा त्या खोलीत पायात काही घालत नाही. दादालाही साखर आहे, वहिनीच्याही आधीपासूनची. "अरे, देव आत गेलेत, आता घाल," मी म्हणतो. तो हो म्हणतो, थेट तिच्यासारखा, आणि अनवाणीच चहा ठेवायला उठतो.

परवा मी हट्टानं त्याच्यापुढे खाली बसलो. त्याचा पाय मांडीवर घेतला. टाचेला खोल भेग होती, आत माती भरलेली. बोटानं दाबून विचारलं, "दुखतंय का रे?"

"कुठे?" दादा म्हणाला.