ज्वारी चांगलीच होती, चूक माझी होती

कालच्या पोस्टमध्ये मी लिहिलं की ज्वारी खराब होती, म्हणून गोड आंबील जमली नाही. ते चूक होतं. मोड आणलेल्या ज्वारीचं पीठ मी उकळत्या आंबिलीत टाकलं, कारण आईने सगळं उकळत्यातच टाकायला शिकवलंय. त्या उष्णतेने पिठाची साखर करायचा मोडाचा गुणच गेला.

घरी मोडाच्या धान्याची बिअर करणाऱ्यांच्या व्हिडिओत ही चूक कळली. आज आंबील बोटाला सोसेल इतकी निवू दिली, मग पीठ टाकलं. ती पातळ झाली, साखरेविना गोड.

काकू म्हणाली, "काऊन वं, दारूबंदीच्या वर्ध्यात बिअर करून राह्यली का?"

"आधी पिऊन तं पाय."

तिने पेला संपवला. "गोड हाये. पण लोकं नावं ठेवतीन."

ठेवू द्या. यात नशा नाही. तुम्ही प्याल? आमच्या रोहणा गावच्या बसस्टँडवर मी आंबिलीचा हंडा घेऊन बसणार आहे, येत्या रविवारी.