बागेचे फोटो

आमची आत्या निवृत्त नर्स. इमारतीमागची सगळ्यांची बाग तीच सांभाळते. बागेचा ब्लॉग काढून सगळ्यांना फोनवर फोटो बघायला तिनंच शिकवलं, आणि स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. आधी वांग्याला फूल आलं का, हे बघायला माणसं यायची आणि जाता जाता झारीभर पाणी घालायची. आता फूल घरबसल्या दिसतं, मग मरायला येतंय कोण? एकटी आत्या किती पुरणार? रोपांच्या काड्या झाल्या. काल चिडून तिनं त्या काड्यांचाच फोटो टाकला. लगेच लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली. ती वांगी ज्यांनी स्वतः लावली होती, त्या शेजारच्या मास्तरांनी खाली लिहिलं, "वा ताई, बाग अशीच फुलत राहो!"

आत्यानं त्यांनाही अंगठा दिला.