सासूबाईंचा गुडघा

मैत्रिणींनो, माझ्या गुडघ्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले. दोनच बारीक टाके, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं की मी बरी झाले. धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी बसून राहते, हे सासूबाईंना खटकत होतं.

आज नवऱ्याला जमलं नाही, म्हणून आमच्या सावली गावाहून चंद्रपूरला फिजिओथेरपीसाठी सासूबाईच सोबत आल्या.

तिथल्या ताईंनी माझा गुडघा वाकवायला घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई उठून जवळ आल्या. म्हणाल्या, "हळू वाकव ना बाई, तिले दुखून राह्यलं."

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "रोवणीचं आम्ही पाहून घेतो. तू व्यायाम कर."

थोड्या वेळाने स्वतःचा गुडघा दाबत हळूच म्हणाल्या, "माहा गुडघा किती वर्षांपासून दुखून राह्यला. मले काऊन कोणी दवाखान्यात नेलं नाई?"

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

आज फार थकले आहे, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. तुमच्या घरी कोणाचं दुखणं असंच विचारायचं राहून गेलंय?