पोडंकमधला गणपती

माझ्या मोठ्या दिरांनी अमेरिकेत दोन वर्षं काढली आणि येताना एक शब्द घेऊन आले: पोडंक. तो ते आमच्या रुवैसला वापरतात. ते स्वतः दुबई मरीनाला काचेच्या टॉवरमध्ये राहतात, आणि आम्ही तिथून अडीच-तीन तासांवर, रिफायनरीच्या कॉलनीत. फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय म्हणतंय तुमचं पोडंक?" मागे जाऊबाई फिदीफिदी हसतात. आमचे हेही हसतात, त्याचा मला जास्त राग येतो.

मी त्या शब्दाचा पिच्छाच पुरवला. पोडंक नावाची छोटी गावं अमेरिकेत खरंच आहेत. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, आणि अर्थ बहुधा पाय रुतेल अशी दलदलीची जागा. पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी ते टिंगलीसाठी उचललं आणि कुठल्याही आडगावाला चिकटवून टाकलं. तिथल्याही बायका सकाळी उठून डबे भरत असतील, कपडे वाळत घालत असतील, पोरांवर ओरडत असतील. त्यांना कोणी विचारलं होतं? मला तर दिरांपेक्षा त्याच जवळच्या वाटायला लागल्या.

आमच्याकडे दोघा भावांचा मिळून एकच गणपती. तो थोरल्याकडे बसतो अशी रीत, म्हणून दर वर्षी मरीनाला. यंदा मी हट्ट धरला. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजसाठी परदेशी जाणार. एकदा तरी तिच्या डोळ्यांदेखत माझ्या घरी गणपती बसू दे. दीर म्हणाले, "इन्शाल्ला, का नाही!" मूर्ती दुबईत मिळते, तेव्हा येताना गाडीतून त्यांनीच आणायची ठरली. मी चौरंग सजवला, शेजारणींना जेवायला बोलावलं आणि सकाळी उठून उकड काढायला घेतली.

मोदक वाफेवर असताना दिरांचा फोन आला.

"अगं, आम्ही इथेच बसवला गणपती. भटजी इथे अवेलेबल होते. आणि पोडंकपर्यंत कोण ड्राइव्ह करणार, सांग? यल्ला, चला, तुम्हीच या. संध्याकाळच्या आरतीला आरामात पोचाल."

"दादा, माझ्याकडे माणसं जेवायला यायचीत."

"मग आरतीला व्हिडिओ कॉल लावू. खलास, प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवून दिला. मुलगी म्हणाली, "इट्स ओके, आई. लेट्स जस्ट गो देअर." मी डब्यातून एक सुपारी काढली, धुतली आणि चौरंगावर तांदूळ पसरून त्यावर ठेवली. मूर्ती नसली तर सुपारीचा गणपती होतो, इतकं मलाही कळतं.

हे शिफ्ट संपवून आले ते कामाच्या कव्हरऑलमध्येच दारात थबकले.

"हे काय? गणपती दादाकडे बसलाय ना? इथे दुसरा बसवला म्हणजे वेगळा झाला."

गणपती वेगळा करणं म्हणजे भाऊ वेगळे होणं. घरं दोन झाली, चुली दोन झाल्या तरी चालतं. गणपती एक असेपर्यंत कुटुंब एक. हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आंघोळ करून पूजेला बसा," मी म्हणाले. "नाहीतर मी बसते."

ते बसले. पूजेच्या संकल्पात आपण कुठल्या गावी आहोत ते म्हणावं लागतं. मोबाइलवर वाचत वाचत ते तिथपर्यंत आले आणि अडले. इतकी वर्षं भटजी तिथे दुबईचं नाव घ्यायचे.

"रुवैस," मी म्हणाले.

त्यांनी मोबाइलवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"गावाला नाव आहे. घ्या."

त्यांनी घेतलं आणि पुढचं वाचायला लागले.

आरती झाली, नैवेद्य झाला, शेजारणी पोटभर जेवून गेल्या. मग दिरांचा व्हिडिओ कॉल आला. ह्यांनी तो उचलला नाही. वाजून वाजून थांबल्यावर म्हणाले, "एकच भाऊ आहे गं मला."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ह्यांच्या पानात मोदक वाढला, वर तूप घातलं.

"मग दादांना सांगा," मी म्हणाले, "पुढच्या वर्षी आमच्या गणपतीला या. पाहुणे म्हणून."