चार मामांची लग्नपत्रिका

आणीबाणीत माझी पत्रकं उस्मानपुऱ्यातल्या एका छापखान्यात खिळे जुळवणारे एक म्हातारे चाचा जुळवायचे. पोलीस ॲक्शननंतर निजामी गेली आणि उर्दूचं काम आटलं, तेव्हा ते मराठी शिकले ते लग्नपत्रिका जुळवूनच. त्यामुळे माझा राग त्यांना कधी पटला नाही. शिशाचा एकेक खिळा उचलत म्हणायचे, "बेटा, लई कडू लिहितो. जरा अदबीनं लिही."

"मग हुकूमशाहीला आग्रहाचं निमंत्रण देऊ का?" मी विचारायचो. ते मान हलवायचे आणि पुढचा 'धिक्कार' जुळवायचे.

एका दुपारी हवालदार थेट आत आला. जुळवलेलं पत्रक मेजावरच होतं. खाली माझं नाव, कारण निनावी लिहिणं मला भेकडपणाचं वाटायचं. खिळ्यांची अक्षरं उलटी असतात, सवय नसलेल्याला ती वाचता येत नाहीत.

"काय छापताय?" त्यानं विचारलं. मला तुरुंग दिसायला लागला.

"लग्नपत्रिका," चाचा म्हणाले आणि ओळींवर बोट फिरवत वाचूही लागले, "आमचे येथे श्रीकृपेकरून..." कुठं अडखळले नाहीत.

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. "नवरदेव हेच का?"

"व्हय. म्हणून तर घाम फुटलाय," चाचा म्हणाले.

"सुखी राहा," म्हणून तो गेला. त्या सरकारकडून मला मिळालेली ती एकमेव शुभेच्छा.

मी आभार मानणार, तर चाचाच माझ्यावर उखडले. "चार धिक्कार लिहिलेस तू. दर धिक्कारावर बोट आलं की त्याच्या जागी नवरदेवाचा एक मामा वाचावा लागला मला. एवढे मामा असतात का कुणाला?"