रोमची कानबाई

चहावाल्याने सुटे दिले तरी भावसार सर नाणं आधी उलटं करून बघायचे. धुळ्याच्या कॉलेजात ते इतिहास शिकवत, मी मराठी. "पुढच्या अंगाला राजाचं तोंड, मागच्या अंगाला राजाची थाप," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रोमच्या बादशहांच्या चांदीच्या नाण्यांवर त्यांचा फार जीव. "तलवारी बाहेर निघाल्या की हे लोक शांतिदेवी छापायचे," असं म्हणून स्वतःच खूश व्हायचे. चूक मात्र त्यांना कुणाचीच खपत नसे. प्राचार्यांनाही भर सभेत दुरुस्त करायला ते कमी करत नसत.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट असेल. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाईदेवीच्या सणाला मी त्यांना सोनगीरला माझ्या आत्याकडे नेलं. सारे तिला अक्काच म्हणत. देव्हाऱ्यात वाडवडिलांपासून पूजेत असलेला कानबाईचा चांदीचा टाक होता. सरांनी तो उचलला, उलटा केला आणि दारातल्या उजेडात नेला. टाक कसला, रोमचं नाणंच ते! एका बाजूला पानांचा मुकुट घातलेला बादशहा, अगदी ठसठशीत. दुसरीकडे हातात डहाळी घेऊन बसलेली देवी, जवळजवळ पुसलेली. अक्काच्या लेखी बादशहा म्हणजे राक्षस. त्याला कायम पालथं घातलेलं. चिंच आणि राखेने रोज घासली जायची ती देवी.

"अक्का, ही कानबाई नाही," सर म्हणालेच. "रोमची शांतिदेवी आहे, समुद्रापलीकडून आलेली. घासून घासून नाहीशी होईल. संग्रहालयात द्या, तिथे जपतील."

अक्काने वाकून टाकाकडे पाहिलं. "हिनं माहेर इतलं दूर शे?" मग तिने तो सरांच्या हातातून काढून घेतला. "तो मानूस पाहिजे व्हई तं लई जा. बाई मी देवाव नही. नांदाले उनी ती आठे."

इथे नांदायला आलेली बाई ती देणार नव्हती; पण एकाच नाण्यातला नुसता माणूस नेणार कसा? सर हसले, पण परतीच्या एस.टी.त कंडक्टरने दिलेले सुटे त्यांनी उलटून न बघताच खिशात टाकले. मला वाटलं, रागावले.

पुढच्या श्रावणात, देवळाची पायरी न चढणारा हा गृहस्थ खण-नारळ घेऊन आपणहून सोनगीरला हजर! "इतक्या लांबचं माहेर," मला म्हणाले, "कुणीतरी यायला नको?" मग दर श्रावणात जात राहिले. त्यांच्या फटकळपणाचा मला एरवी राग यायचा. त्यानंतर कधी आला नाही.

सर गेले तेव्हा सांगायला मीच सोनगीरला गेलो. अक्काने टाक हातात घेतला, पदराने पुसला.

"देवीनं माहेर तुटनं रे भाऊ."